साहेबांचं नाक

"साहेबांची निरोपाची भेट मी स्वतःच्या हातानं करतो," असं हेडक्लार्क बोलून गेले. त्यानंतर टेबलाभोवती जी शांतता पसरली, ती त्यांनी चुकून कौतुकाची समजली.

"तुम्ही? हातानं?" आवक-जावकच्या कारकुनानं विचारलं. "म्हणजे करणार काय?"

"लाकडात साहेबांचा चेहरा कापणार. बाजूनं दिसतो तसा. कपाळ, नाक, हनुवटी."

"नाकासकट?" टायपिस्ट बाईंनी विचारलं.

प्रश्न उगाच नव्हता. साहेबांचं नाक ही त्या ऑफिसातली सर्वांत कर्तबगार गोष्ट होती. दारातून आधी ते आत यायचं, मग साहेब. फायलीत दडवलेली चूक साहेबांच्या डोळ्यांना दिसायच्या आत त्यांच्या नाकाला कळायची, असं सगळे मानत. असलं नाक लाकडात उतरवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. पण 'उचलली जीभ लावली टाळ्याला' ही म्हण लोकांनी आपल्यालाच पाहून काढली असावी, असा हेडक्लार्कांना स्वतःबद्दल जुना संशय होता. शिवाय साहेबांवर त्यांचा जीव होता. मुलगी आजारी होती तेव्हा साहेब दवाखान्यातल्या बाकावर त्यांच्या शेजारी अख्खी दुपार एक अक्षर न बोलता बसून राहिले होते. अशा माणसाला दुकानातली वस्तू कशी द्यायची?

घरी बातमी फुटली तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"लाकूड कापणार? कशानं?"

"अगं, आपली ती विजेवरची नक्षीची करवत, स्क्रोल सॉ, आहे ना गॅलरीत."

"ती खोक्यातली? जिच्यावर मी बटाटे ठेवते ती?"

हेडक्लार्कांच्या हौसांचा इतिहास तिला तोंडपाठ होता. गिटार कपाटावर झोपली होती. माशांच्या टाकीत आता छत्र्या राहत होत्या. फोनवरच्या व्हिडिओत कुणी माणूस लोण्यातून सुरी फिरवावी तशी लाकडातून हरणं कापून काढताना त्यांनी पाहिला, आणि दुसऱ्याच आठवड्यात ते खोकं घरात आलं. तेव्हापासून ते बंदच होतं.

"या वेळी पुरं करून दाखवतो," हेडक्लार्क म्हणाले.

"दाखवा," बायको म्हणाली. त्या एका शब्दात तिनं गिटार, मासे, सगळं घातलं होतं. या वेळी काम तडीला नेलं नाही तर ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि घरात तर ती आधीच फारशी उरलेली नाही, हे हेडक्लार्कांनी ओळखलं.

पहिली अडचण फोटोची होती. साहेब समोरून फोटो काढू देत; बाजूनं कुणी काढू लागलं की तोंड फिरवत. टायपिस्ट बाईंनी तोड काढली. फोन हातात धरून त्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. "साहेब, खिडकीतून काहीतरी जळल्याचा वास येतोय का हो?" असं त्यांनी विचारताच साहेबांनी नाक खिडकीकडे वळवलं. फोटो अप्रतिम आला. बाजूची खिडकी, फायलींचं कपाट, टेबलाचा कोपरा, आणि मधोमध ते नाक.

हेडक्लार्कांनी तो फोटो मोठा छापून घेतला आणि एका पातळ फळीवर चिकटवला. चिकटवताना जो गोंद लावला, तो दुकानदाराच्या शब्दांत 'घर पडेल पण हा सुटणार नाही' असा होता. नक्षीचा कागद नंतर काढायचा असतो आणि म्हणून तो हलक्या हातानं चिकटवायचा असतो, हे माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर लिहिलं होतं. हेडक्लार्कांनी पुस्तिका शेवटून उघडली होती, कारण तयार वस्तूंची चित्रं शेवटी होती.

यंत्र सुरू झालं. दिसायला शिलाई मशीनच, फक्त सुईच्या जागी केसासारखं बारीक पातं खाली-वर होत होतं. हेडक्लार्कांनी फळी पुढे सरकवली मात्र, ती टणकन उडाली. पुन्हा दाबली, पुन्हा उडाली. त्यांनी दोन्ही कोपर टेकवून तिच्यावर भार टाकला, तेव्हा फळीबरोबर हेडक्लार्कही उडू लागले.

आठवडाभर मुक्कामाला आलेल्या सासूबाई खुर्ची ओढून गॅलरीच्या दारात बसल्या होत्या. "जावईबापू, फळीला फिट आली का हो?"

"लाकूड जरा कच्चं आहे, आई."

"लाकूड होय," सासूबाई म्हणाल्या.

पातं तुटलं. हेडक्लार्कांनी तुकडा बोटावर घेऊन पाहिलं, तर दात आभाळाकडे. नाचता येईना अंगण वाकडं! आपण पातं उलटं लावलं आणि शिव्या लाकडाला दिल्या. त्यांनी गुपचूप पुस्तिकेचं पहिलं पान उघडलं. तिथं मोठा बाण काढून लिहिलं होतं: दात खाली.

नवं पातं लागलं आणि खरोखरच लोण्यासारखं कापलं जाऊ लागलं. फळीच्या खालच्या कडेतून शिरून ते साहेबांच्या गळ्यावरून सरळ वर आले. आता हनुवटीपाशी वळायचं होतं. इथं घोडं पेंड खाऊ लागलं. पातं काही वळत नसतं. त्याच्याभोवती लाकूड फिरवायचं असतं. पण हेडक्लार्कांची सगळी नोकरी अशा ऑफिसात गेली होती, जिथं कागद जागचा हलत नाही, माणसांनी त्याच्याभोवती फिरायचं. त्यामुळे त्यांनी फळी घट्ट धरून ठेवली आणि स्वतः यंत्राभोवती निघाले. गॅलरी अरुंद. हनुवटीला ते कुंडीत उभे होते, ओठांपर्यंत कठड्याला टेकले, आणि नाकाच्या शेंड्याला त्यांचा एक पाय खोलीत आणि एक सासूबाईंच्या खुर्चीखाली होता.

"अहो, तुम्ही प्रदक्षिणा का घालताय?" बायकोनं आतून विचारलं.

"वळण आहे!"

"मग फळी वळवा की!"

हेडक्लार्क थांबले. फळी वळवली. पातं नाकाच्या शेंड्यावरून सुळकन फिरलं. ही युक्ती आपल्याला सुचणारच होती, असं ते पुढे बराच वेळ स्वतःला समजावत होते.

कपाळ, टाळू, मान करत पातं पुन्हा खालच्या कडेतून बाहेर पडलं आणि साहेब फळीतून अलगद हातात आले. उरलेली फळी हेडक्लार्कांनी कोपऱ्यात टाकून दिली. नाक जसंच्या तसं उतरलं होतं. हेडक्लार्कांचा ऊर भरून आला. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या हातून काहीतरी बरं झालं, असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं संध्याकाळच्या चहापर्यंत टिकलं.

चहानंतर त्यांनी कागद काढायला घेतला. कागद निघेना. दुकानदाराचा शब्द खरा होता. नखांनी खरवडून झालं, ओलं फडकं लावून झालं, शेवटी त्यांनी सँडपेपर घेतला आणि जोर लावला. कपाळावरचा कागद निघाला, गालावरचा निघाला, आणि 'कट्' असा बारीक आवाज झाला.

नाक हातात आलं होतं.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. थोडं नाक गेलं."

"थोडं म्हणजे?"

"सगळं."

नाक चिकटवलं तर ते वर बघू लागलं. खाली दाबलं तर चोचीसारखं दिसू लागलं. तिसऱ्यांदा हात लावला तेव्हा ते गॅलरीतून खाली गेलं आणि कुणाच्या तरी गाडीवर पडलं. हेडक्लार्क कठड्याआड खाली बसले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मग त्यांनी हिशेबी डोकं लढवलं. नाक लहान झालं तर बाकीचंही त्या मानानं लहान करावं. प्रमाण राहिलं म्हणजे साहेब राहिले. गालातून पुढे काढून एक छोटं नाक त्यांनी कोरलं. मग हनुवटी मोठी वाटायला लागली, ती कमी केली. मग कपाळ. मग पुन्हा हनुवटी.

"हे कोण, सांग बरं," त्यांनी बायकोला विचारलं.

"दूधवाला?"

कपाळ आणखी कापलं. "आता?"

"तुमचे धाकटे काका. पण दाढ दुखत असतानाचे."

मानेत थोडा बाक दिला, डोक्यामागे राहिलेला फुगवटा गोल केला. बायकोनं लाकूड हातात घेतलं, लांब धरलं, आणि तिचा चेहरा पालटला.

"अहो... ही तर आई."

'करायला गेलो गणपती आणि झाला मारुती' हे हेडक्लार्कांनी ऐकलं होतं. करायला गेलो साहेब आणि झाली सासू, हे कुणाचं ऐकलं नव्हतं. ते काही बोलायच्या आत सासूबाई आल्या, चष्मा पुसून त्यांनी बघितलं. बसकं नाक, बारीक हनुवटी, मागे अंबाडा.

"अगंबाई! माझं केलंत?" त्यांचा आवाज कापरा झाला. "म्हणजे ते साहेब-बिहेब सगळं मला फसवायला! लग्नाला इतकी वर्षं झाली, जावईबापू, मी तुमच्याशी कधी धड बोलले नाही, आणि तुम्ही माझ्यासाठी सबंध गॅलरीभर पळत होतात!"

ते लाकूड त्यांनी छातीशी धरलं आणि आपल्या खोलीत नेलं. हेडक्लार्कांनी बायकोकडे पाहिलं. बायकोच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं: परत मागितलंत तर याद राखा.

निरोपसमारंभ दुसऱ्या दिवशी होता. फळी दुसरी नव्हती, पाती संपली होती, आणि आवक-जावकच्या कारकुनानं दोनदा फोन करून 'नाक कुठपर्यंत आलं' असं विचारलं होतं. सकाळी हेडक्लार्कांनी आजारी पडायचं ठरवलं. खोकून पाहिलं. स्वतःलाच पटेना. साहेबांच्या ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी घरी बसायचं, या विचारानंच त्यांना खरोखर कसंतरी व्हायला लागलं.

इतक्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "दाराशी बांधून ठेवलंय, ते न्या हो आठवणीनं!"

दाराशी दोन पुडकी होती. एक उभट, रंगीत कागदातलं. एक चपटं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. हेडक्लार्क गहिवरले. म्हणजे हिनं आईची समजूत घालून ते लाकूड सोडवलं तर! निदान आपली लाज राखायला. 'रंगीत कागद भलत्याच वस्तूला वापरला, याला मात्र वर्तमानपत्र,' एवढं त्यांच्या मनात आलं, पण पदरी पडलं पवित्र झालं म्हणून त्यांनी चपटं पुडकं काखेत मारलं. रस्ताभर ते एकच गोष्ट घोकत होते: साहेबांच्या हातात आपण सासूबाई देणार आहोत, आणि वर भाषणही करायचं आहे.

समारंभ रंगला. टायपिस्ट बाई रडल्या. आवक-जावकचा कारकून बोलायला उठला आणि "आता खास भेट, हेडक्लार्कसाहेबांच्या स्वहस्ते" असं म्हणून, हसू दाबत खाली बसला. साहेबांनी वर्तमानपत्र सोडलं. हेडक्लार्कांनी डोळे मिटून घेतले.

कुणीच हसेना. त्यांनी एक डोळा उघडला.

साहेबांच्या हातात ती टाकून दिलेली फळी होती. तिच्यावर तो न सुटणारा फोटो अजून तसाच घट्ट होता. केबिनची खिडकी, फायलींचं कपाट, टेबलाचा कोपरा, सगळं जिथल्या तिथं. फक्त मधले साहेब नव्हते. तिथं भोक होतं. साहेबांनी फळी उचलून उजेडाकडे धरली, तेव्हा त्या भोकातून पलीकडचं आकाश दिसलं. कपाळ, हनुवटी, आणि मधे ते नाक. एका केसाचाही फरक नव्हता.

"ही माझी केबिन," साहेब हळूच म्हणाले. "मी गेल्यावरची."

सगळे हेडक्लार्कांकडे बघत होते. पाठ केलेलं भाषण सासूबाईंच्या चेहऱ्यावर बेतलेलं होतं, ते आता चालण्यासारखं नव्हतं.

"साहेब," ते म्हणाले, "भरून काढायचा प्रयत्न केला. जमलं नाही."

हे अक्षरशः खरं होतं. साहेबांनी फळी खाली ठेवली, पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले, आणि ज्या नाकाला सगळं ऑफिस घाबरत आलं होतं ते नाक रुमालात धरून ते मनसोक्त रडले. आवक-जावकचा कारकूनही डोळे पुसत होता. "काय विचार केलाय हो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "आम्हाला सात जन्मांत सुचलं नसतं."

'मलाही,' हेडक्लार्क मनात म्हणाले.

संध्याकाळी ते घरी आले ते जमिनीला पाय न लावता. आज बायकोला सगळं सविस्तर सांगायचं. हौस पुरी झाली, काम तडीला गेलं, अख्खं ऑफिस रडलं. त्यांनी बूट काढायला घेतले. बायको पाण्याचा पेला घेऊन दारातच आली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी होती.

"काय हो, आवडला का साहेबांना थर्मास?"

"थर्मास?"

"अहो, रंगीत कागदात बांधून ठेवला होता तो! कालच जाऊन आणला मी. म्हटलं, ऐनवेळी चार लोकांत तुमची फजिती नको. तुमची ती फुटकी फळी भुसा सांडत होती, म्हणून तीही गुंडाळून कचऱ्यासाठी शेजारीच ठेवली होती. मी आंघोळीहून आले तर दोन्ही गेलेली. म्हटलं चला, कचरेवाल्यानं त्याचं नेलं, यांनी यांचं."

हेडक्लार्कांचा एक बूट हातातच राहिला. सगळी हकिकत त्यांच्या ओठावर आली होती. पण समोर ही बाई रातोरात दुकानं पालथी घालून आलेली, दिवसभर घोर लावून बसलेली, पेला धरून उभी होती. तो थर्मास आता कचऱ्याच्या गाडीत आहे, हे तिला सांगायला त्यांची जीभ रेटेना.

"आवडला," ते म्हणाले. "फार आवडला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

"थर्मास बघून?"

"हो. उजेडाकडे धरून बघत राहिले. सगळं ऑफिस गहिवरलं."

बायकोचा चेहरा उजळला. असा उजळलेला तो हेडक्लार्कांनी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"बघा!" ती म्हणाली. "आणि तुम्ही आठवडाभर लाकडं कापत बसलात."