विशेष सहभाग: सॅक्सोफोन (मंद्र सप्तक)

ध्वनिमुद्रणाची पहिली अट शांतता ही होय, आणि शांततेची पहिली अट म्हणजे माणसं नसणं. हे तत्त्व ज्याला उमगलं त्याने संगीताचा निम्मा प्रश्न सोडवला. उरलेला निम्मा प्रश्न, म्हणजे गाणारा माणूस, तोही लवकरच सुटेल, असं या क्षेत्रातले जाणकार सांगतात.

बुवांना हे तत्त्व साठीनंतर कळलं, याचा दोष त्यांच्या कामाकडे जातो. बुवा गाऊन उपदेश करत. आधी पद, मग देवाविषयी चार शब्द, मग श्रोत्यांविषयी चार शब्द (हे चारांत कधीच आटोपत नसत), की पुन्हा पद. "ओ मागचे, तुमचं झालं की सांगा, मग मी सुरू करतो." "बाई, रडू द्या त्या लेकराला. सभागृहात तेवढं एकच काहीतरी मनापासून करतंय." श्रोत्यांवर असं दोनदा घसरल्याशिवाय बुवांचा गळा तापत नसे.

पहिल्या रांगेत, पंख्याखालच्या खुर्चीत त्यांची थोरली बहीण बसे. तिला सगळं गाव अक्का म्हणे. अक्का भाविक होती, एकही बैठक तिने चुकवली नव्हती, आणि प्रत्येक बैठकीत तिसऱ्या पदाला ती झोपत असे. तिची मान कलली की बुवा स्वर चढवत. ती दचकून म्हणे, "जागीच आहे मी!" बुवा व्यासपीठावरून म्हणत, "विचारलंय कुणी?" आणि आणखी वर जात. बुवांच्या तिसऱ्या पदातली ती चढण पंचक्रोशीत गाजलेली होती. कुणी तिला साधना म्हणत, कुणी साक्षात्कार. बहिणीला उठवणं हे कारण कुणाला सुचलं नाही, कारण ते फारच खरं होतं.

पुढे अक्काचे गुडघे गेले आणि लेकीने तिला शहरात, आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी नेलं. इमारतीत लिफ्ट होती. ती कायम दुरुस्तीखाली असल्यामुळे अतिशय सुरक्षित होती. महिन्याभरात अक्काचा फोन आला.

"धाकट्या, इथं डोळ्याला डोळा लागत नाही रे."

"औषध घेतलंस?"

"ते घेतलं की नुसतं कडू लागतं. तुझं तिसरं पद पाठव कशात तरी भरून."

बुवा आधी स्वतःच जाऊन गाऊन आले. खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत ठोकलं, तेही बेतालात, त्यामुळे बुवा खालच्यांना उपदेश करायला जिन्यावर गेले आणि तो प्रयोग थांबवावा लागला. मग भाचीने सूत्रं हातात घेतली. भाची जाहिरातीच्या धंद्यात होती. तिला प्रत्येक दुखण्यावर प्रकाशन समारंभ सुचत असे.

"मामा, नीट अल्बमच करू या. पण नुसतं तुमचं गाणं कोण ऐकणार?"

"तुझी आई."

"आईला सोडून?"

बुवांनी प्रामाणिकपणे विचार केला. मोजायला उघडलेली मूठ पुन्हा मिटली.

"म्हणून पाहुणा कलाकार लागतो," भाची म्हणाली.

पाहुणा कलाकार म्हणजे असा कलाकार, की ज्याला आपल्या अल्बमची गरज नसते आणि ही गोष्ट जो येता-जाता दिसू देतो. भाचीच्या कचेरीने केलेल्या पाहणीनुसार दहा श्रोत्यांपैकी सात जण पाहुण्याचं नाव वाचून अल्बम लावतात, दोघे मुखपृष्ठ बघून, आणि एकाला तो बंद कसा करायचा हे ठाऊक नसतं. (तो एक सर्वांत निष्ठावंत श्रोता मानला जातो.) सर्वानुमते तीन खंडांत गाजलेल्या एका सॅक्सोफोनवादकाला पाचारण करण्यात आलं. सर्वानुमते म्हणजे भाचीच्या मते.

स्टुडिओ पाहून बुवा थक्क झाले. भिंतींना फोमच्या गाद्या, दाराआड आणखी एक दार, काचेपलीकडे बटणांच्या टेबलाशी बसलेला ध्वनिमुद्रक, डोक्यावर लाल दिवा. गारवा असा की आत ठेवलेली फळं महिनाभर टिकावीत. बुवांनी हेडफोन चढवले आणि थेट कानात आवाज आला, "थोडं पुढे या." बुवांनी जन्मभर देवाविषयी सांगितलं होतं. देव एक दिवस कानात येऊन "माइकवर फुंकू नका" म्हणेल, हे त्यांच्या कल्पनेपलीकडचं होतं.

पहिली दोन पदं बुवा बिनचूक गायले. ऐकताना सगळ्यांना ते नुकतेच आजारातून उठल्यासारखे वाटले.

"काय होतंय, मामा?"

"अगं, ओरडू कुणावर? इथं कुणी चुकतच नाहीये."

स्टुडिओत यावरही इलाज होता. ध्वनिमुद्रकाकडे तयार श्रोत्यांचा मोठा संग्रह होता: 'खोकला, मध्यमवयीन, सौम्य', 'कुजबुज, मागील रांग, कौटुंबिक', 'मूल, रडणारं, दूरवर', 'खुर्ची, सरकवलेली, उद्धट'. त्याने बुवांच्या कानात सौम्य खोकला सोडला. बुवा खुलले, दोन वाक्यं सणसणीत बोलले आणि गाऊ लागले. तो खोकला पुन्हा त्याच जागी आला.

"ऐकत नाही हो हा माणूस!"

"ऐकणार कसा, बुवा? तो रेकॉर्ड केलेला आहे."

"मग सुधारायचा कसा?"

या प्रश्नाचं बटण टेबलावर नव्हतं. बुवा खुर्चीत टेकले. तिकडे तिसऱ्या मजल्यावर अक्का छताकडे बघत पडली असेल आणि इथं हे मुडदूस झालेलं गाणं डबीत भरून तिच्याकडे जाणार, या विचाराने त्यांचा उरलासुरला गळाही बसला.

दुपारी जेवणानंतर पाहुणे आले. सोबत पाण्याची बाटली धरणारा एक, गळपट्टा धरणारा एक, आणि वेळ कमी असल्याचं सांगणारा एक, असा आटोपशीर लवाजमा होता. दोन रात्री विमानात काढून ते आले होते. बुवांना वाकून नमस्कार करत ते म्हणाले, "मी फक्त आपल्या दोन शब्दांमधल्या जागेत वाजवीन." भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पाहुणे शेजारच्या काचेच्या खोलीत, मऊ खुर्चीत, हेडफोन चढवून, सॅक्सोफोन मांडीवर घेऊन बसले. त्यांची जागा तिसऱ्या पदाच्या दुसऱ्या कडव्यानंतर होती.

तिसरं पद सुरू झालं. मेलेलंच सुरू झालं. पहिलं कडवं संपता संपता बुवांची नजर काचेकडे गेली, आणि पाहुण्यांची मान कलली.

बुवांना आधी ते खरंच वाटेना. मग मान आणखी कलली, बरोबर अक्कासारखी, डाव्या खांद्याकडे. सकाळपासून त्या गादीच्या खोलीत पहिल्यांदाच कुणालातरी गाण्याची गरज पडली होती. बुवांनी स्वर चढवला. पाहुणे दचकले, काचेआडून त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण ते शब्द बुवांना तोंडपाठ होते.

"विचारलंय कुणी?" बुवा कडाडले. "ओ पाहुणे! देव दाराशी येऊन उभा राहील, आणि म्हणेल, झोपू दे बिचाऱ्याला, आणि जाईल निघून! मग बसाल चोळत डोळे!"

आणि ते असे काही वर गेले, की ध्वनिमुद्रक उभा राहिला आणि सूचना द्यायची विसरला. (स्टुडिओच्या इतिहासात ही दुसरी गोष्ट प्रथमच घडली.) पाहुणे पुन्हा कलले, बुवा पुन्हा चढले. सगळं कडवं असं झुलत राहिलं. भाची आपला फोन उलटा ठेवून ऐकत होती. धंद्यात आल्यापासून तिने तो उलटा ठेवलेला कुणी पाहिला नव्हता.

पद संपल्यावर गळपट्ट्यावाल्याने पाहुण्यांना हलवलं. ते उठले, बुवांचे हात हातात घेऊन म्हणाले, "खरं सांगतो, यात मला एकही सूर वाजवावासा वाटला नाही," आणि विमानतळाकडे रवाना झाले. वक्तव्य शब्दशः सत्य होतं.

मुद्रण तपासताना पाहुण्यांच्या माइकवर घोरणं आढळलं. खोल, सलग आणि योगायोगाने बुवांच्या सुरात. ध्वनिमुद्रक ते पुसणार होता. भाचीने अल्पकालीन बैठक घेतली आणि मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापलं गेलं: 'विशेष सहभाग: सॅक्सोफोन (मंद्र सप्तक)'. बुवांचं नाव त्याखाली होतं, चष्मा लावला की दिसे.

"अगं, हे खोटं नाही का?" बुवा म्हणाले.

"मामा, सहभाग नव्हता का त्यांचा?"

होता. त्यांच्याइतका कुणाचाच नव्हता. बुवांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

समीक्षकांनी पाहुण्यांच्या संयमाची मुक्तकंठाने स्तुती केली. 'श्वासाच्या इतक्या जवळचं वादन आम्ही ऐकलेलं नाही,' असं एकाने लिहिलं. खुद्द पाहुण्यांनी मुलाखतींत हे आपलं सर्वांत परिपक्व वादन असल्याचं मान्य केलं. दोन संगीत विद्यालयांत विद्यार्थी हा तुकडा हुबेहूब वाजवायचा प्रयत्न करत आहेत. जे प्रामाणिकपणे जेवून येतात त्यांना तो चांगला जमतो.

अक्काच्या उशाशी भाचीने अल्बम लावला. तिसऱ्या पदाला मान कलली. "विचारलंय कुणी?" डबीतून बुवा कडाडले. अक्का दचकून "जागीच आहे रे!" म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा सकाळपर्यंत गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी तिने फोन केला. "धाकट्या, झकास झालंय. पण तुझ्या शेजारी घोरत कोण होतं?"

एकीने तरी घोरणं ओळखलं, म्हणून बुवांचा जीव भांड्यात पडला. "पाहुणे होते, अक्का."

"दमलं असेल गं बाई लेकरू. कुशीवर झोप म्हणावं त्याला."

आता हा अल्बम घरोघरी एकट्याने ऐकला जातो. तिसऱ्या पदाच्या त्या जागी किती श्रोते कानाला हेडफोन लावून रिकाम्या खोलीत "जागाच आहे" असं मोठ्याने म्हणतात, याची भाचीच्या कचेरीने पाहणी केली. सगळेच म्हणतात. वाचकांचं अर्थातच तसं नसतं. आपण इथवर सलग वाचत आलात. मघाशी सौम्य खोकल्याच्या आसपास नजर क्षणभर शेजारच्या मोबाइलकडे गेली ती केवळ वेळ पाहायला, आणि पाहुण्यांच्या लवाजम्याशी दोन ओळी गाळल्या गेल्या त्या नजरचुकीने. बाकी आपण पहिल्यापासून जागेच आहात.

विचारलंय कुणी?