पाटणकर मशीन उघडतात

राष्ट्राची सुरक्षा सीमेवर जागणाऱ्या जवानांइतकीच पडद्यामागे राबणाऱ्या अनाम हातांवर उभी असते. हे वाक्य माझं नाही; आमच्या कोपरीतल्या सोसायटीच्या गणपतीत प्रमुख पाहुण्यांनी भाषणात टाकलं होतं. त्यांतला एक अनाम हात आमच्याच मजल्यावर राहतो. विमानतळावर प्रवाशांचं सामान तपासणाऱ्या मशीनच्या देखभालीचं कंत्राट एका कंपनीकडे आहे आणि त्या कंपनीत सुधाकर पाटणकर सुपरवायझर आहेत. देखभाल ते त्याच हाताने करतात. उघडा पंजा, मशीनची डावी बाजू, वरच्या कोपऱ्यापासून चार बोटं खाली, एक सणसणीत थप्पड.

याच उपचाराने त्यांनी सोसायटीचा पंप, वाण्याचा वजनकाटा आणि माझा लॅपटॉप बरा केला आहे. लॅपटॉप नंतर मला टाकून द्यावा लागला. "मशीन ठीक आहे हो," पाटणकर म्हणाले, "तुम्ही फार उघडझाप करता." मशीन ठीक आहे, ही त्यांची श्रद्धा आहे. आयुष्यात एकच बिघडलेलं यंत्र त्यांना भेटलं, ते म्हणजे डॉक्टरांचं ब्लडप्रेशर मोजायचं.

मागे मला नागपूरला जायचं होतं, तेव्हा पाटणकर ड्यूटीवर होते. माझी बॅग मशीनमध्ये गेली ती बाहेर येईना. पट्टा अडकला होता. पाटणकरांनी थप्पड दिली. बॅग बाहेर आली, सोबत कुणाची तरी जुनी चप्पलही आली. मॉनिटरसमोर बसलेला जवान हताश होऊन म्हणाला, "अंकल, स्क्रीन पे कुछ दिख ही नहीं रहा."

"दिखता नही, मतलब संशयास्पद कुछ है नही," पाटणकर म्हणाले.

जवानाने पुढची बॅग पट्ट्यावर घेतली आणि मी माझी उचलली.

बाजूला माणसं तपासायची चौकट होती. तिची उजवी बाजू मुकी होती. साहेबलोक तपासणीला आले, की पाटणकर अदबीने म्हणत, "इकडून या साहेब, डावीकडून. तिकडे एसी लागत नाही." साहेब डावीकडून जात, चौकट ओरडे, साहेब समाधानाने मान डोलावत. सुटे भाग का मागवत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मागवलेत की. मागवणं आपलं काम. येणं त्यांचं."

बायको गेल्यापासून पाटणकरांच्या घरात ते आणि मुलगी मंजिरी, दोघंच. मंजिरीला जर्मनीत नोकरी लागली. पेढे देताना पाटणकर खूश होते. जायचा दिवस जवळ आला तशी ती खुशी ओसरली. एका सकाळी माझ्याकडे आले आणि चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावेनात.

"तिच्या विमानात बसणारी सगळी माणसं त्या मशीनवरून जाणार," ते म्हणाले.

"जाऊ देत की. मशीन ठीक आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी बिस्किटांची बशी पुढे केली.

"अहो, मला माहितीये ना ते मशीन," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि कामावर गेले. कोपऱ्यात बंद पडलेल्या दुसऱ्या मशीनचे भाग काढून त्यांनी चालू मशीनला बसवले. पट्टा बदलला, स्क्रीनची वायर बदलली, चौकटीला दोन्ही बाजूंनी आवाज आणला. मॉनिटरवर पहिली बॅग स्वच्छ दिसली, तेव्हा जवान घाबरून उठून उभाच राहिला म्हणे.

मंजिरीला सोडायला मीही गेलो होतो. मी काचेबाहेर थांबलो; पाटणकर पास दाखवून तिच्याबरोबर आत गेले. बऱ्याच वेळाने एकटे बाहेर आले. हातात प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत दुमडायची विळी होती, टोकाला खवणी असलेली.

"हे काय?"

"मंजूच्या हातातल्या बॅगेत सापडली. मशीनने पकडली."

"तिने विमानात विळी घेतली?"

"तिला कुठे माहीत होतं? मीच घातलेली, स्वेटरच्या घडीत. तिच्या आईची आहे. तिकडे नारळ मिळतो म्हणे, खवणी मिळत नाही."

"अहो पाटणकर, तुम्ही तिथेच काम करता!"

"तिथेच काम करतो म्हणून तर घातली! त्या मशीनला आजवर काही दिसलंय का?"

"मग दुरुस्त करताना आठवलं नाही?"

"दुरुस्त करताना नुसतं विमान दिसत होतं हो डोळ्यांसमोर."

"मंजू काय म्हणाली?"

"हसली. मग रडायला लागली. मागे लाइन खोळंबली. जवान म्हणाला, अंकल, आप भी इधर से हटो."

टॅक्सीत पिशवी मांडीवर घेऊन ते खिडकीबाहेर बघत बसले. कोपरीत शिरल्यावर त्यांनी नारळवाल्यापाशी टॅक्सी थांबवायला सांगितली.

"दोन देऊ का, काका?" नारळवाल्याने विचारलं.

"नको. एकच दे. लहान बघून दे."

पुढच्या आठवड्यात कंपनीने पाटणकरांना मेमो दिला. त्यांच्या अख्ख्या नोकरीतला हा पहिलाच. मशीन चालू स्थितीत असताना परवानगीशिवाय उघडून दुरुस्त केल्याबद्दल.