चढासाठी हलके बोल्ट

वजनमापे निरीक्षकांच्या मोटरसायकलवर मागे बसून त्यांच्या पत्नी बाजारातून यायच्या आणि चढाच्या पायथ्याशी न सांगता उतरायच्या. पुढचं सगळं ठरलेलं होतं. मोटरसायकल काळा धूर सोडत, घसा खाकरत वर निघायची, बाई पिशवी खांद्याला अडकवून कडेनं चालू लागायच्या, आणि वळणापाशी दोघं असे काही बरोबरीला यायचे की कोण कोणाला सोबत करतंय ते बघणाऱ्याला कळू नये.

एकदा तर बाईच आधी पोहोचल्या. निरीक्षक वर आले तेव्हा दाराचं कुलूप निघालेलं होतं, आणि समोर दुकानाच्या पायरीवर घड्याळदुरुस्तीवाले शेजारी डोळ्याला भिंग लावून बसले होते. भिंग न काढताच ते म्हणाले, "वहिनी कधीच्या आल्या, साहेब. आतापर्यंत चहासुद्धा झाला असेल."

निरीक्षक हसले. आतून लागलं की माणूस हसतो, तसं. सगळ्या बाजाराच्या तराजूतली खोट काढणारा माणूस, आणि त्याची बायको रोज गल्लीदेखत पायी चढते. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. हा वजनाचा प्रश्न आहे, एवढं त्यांच्या मनानं घेतलं, आणि वजनाच्या बाबतीत त्यांना कोणाचा सल्ला लागत नसे. मोटरसायकल त्यांनी आजवर मेकॅनिकच्या हाती दिली नव्हती. दुसऱ्यानं आवळलेल्या स्क्रूवर त्यांचा विश्वास बसत नसे. गाडीला कंपनीनं लावलेले लोखंडी बोल्ट काढून त्या जागी टायटेनियमचे हलके बोल्ट बसवायचे, असं त्यांनी ठरवलं आणि मागवलेही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर तराजू मांडला. एका पारड्यात काढलेले जुने बोल्ट, दुसऱ्यात नवे. नव्यांचं पारडं वर राहिलं. फरक किती ते बायकोला डोळ्यांनी दिसावं म्हणून त्यांनी तिच्या टोपलीतला एक मध्यम बटाटा उचलून वरच्या पारड्यात ठेवला. काटा सरळ उभा राहिला.

"बघ," ते गंभीरपणे म्हणाले. "एवढं ओझं गेलं."

बाईंनी बटाट्याकडे नीट पाहिलं. "एवढ्यासाठी कशाला हा खटाटोप, अहो? मी एक बटाटा कमी आणत जाईन."

हा प्रश्न बटाट्याचा नसून तत्त्वाचा आहे, असं निरीक्षकांनी तिला समजावलं आणि ते अंगणात गेले.

बोल्ट एकेक करून बसत गेले. टाकीखालचा शेवटचा मात्र बोटांतून निसटला, आतल्या आत कुठेतरी वाजला आणि गप्प झाला. निरीक्षकांनी दोऱ्याला चुंबक बांधून तो सांगाड्याच्या फटीतून आत सोडला. पहिल्या खेपेला केसांचा एक आकडा वर आला. दुसऱ्या खेपेला आली कपाटाची किल्ली. ती बाईंनीच हरवली असं गेलं वर्षभर ते येताजाता म्हणत होते, आणि बाई ऐकून घेत होत्या. निरीक्षकांनी किल्ली मुकाट्यानं खिशात टाकली. त्यानंतर चुंबक कितीदा गेला आणि कितीदा रिकामा आला.

बाई पाणी घेऊन आल्या. त्यांनी चुंबक हातात घेतला, बशीत उरलेल्या एका जादा नव्या बोल्टला टेकवला आणि उचलला. बोल्ट बशीतच राहिला. लोखंड नको म्हणूनच तर तो आणला होता.  पाण्याचा तांब्या तेवढा जवळ सरकवून बाई आत गेल्या.

मग सीट निघाली, बाजूची झाकणं निघाली, बॅटरी निघाली. शेवटी इंजिनला हवा पोचवणाऱ्या डब्याच्या तोंडाशी बोल्ट सापडला. काळ्याकुट्ट कापडाच्या घडीत तो निवांत पडला होता. कापड ओढलं तर ओढतच राहावं लागलं. टोकाला पिवळी कड दिसली आणि निरीक्षकांनी आधी दाराकडे पाहिलं. बाईंच्या पोथीचं फडकं ते. काही वर्षांपूर्वी गाडी धुताना आत पाणी जाऊ नये म्हणून हाती लागलं ते त्यांनी कोंबलं होतं आणि साफ विसरले होते. गाडीला दम लागायला लागला तोही तेव्हापासूनच. फडकं किल्लीशेजारी खिशात गेलं.

संध्याकाळी बाईंना मागे बसवून गाडी चढाला लागली आणि एका दमात दारात येऊन थांबली. धूर नाही, खोकला नाही. शेजाऱ्यांनी डोळ्याचं भिंग काढलं.

"काय केलंत, साहेब?"

"बोल्ट बदलले," निरीक्षक म्हणाले. दुकानदाराचं असलं अर्धं माप त्यांनी जप्तच केलं असतं.

बाई मात्र खुश दिसेनात. गॅसवर भाजी ठेवून बराच वेळ उंबऱ्यापाशी पुटपुटत उभ्या राहिल्या. भाजी करपली.

सकाळी निरीक्षक उठले तेव्हा कपाटाची किल्ली खिळ्याला लटकत होती आणि दोरीवर धुतलेलं पिवळं फडकं वाळत होतं. डाग गेले नव्हते. बाईंनी चहा पुढे केला, साखर नेहमीइतकीच होती. 

त्या दिवशी बाजारातून येताना पायथ्याशी निरीक्षकांच्या खांद्यावर हलकेच हात पडला.

"मला इथं उतरवता का?"

"अगं, आता चढते ती."

"चढते ना. म्हणूनच म्हणते." बाई खाली उतरल्या, पदर नीट केला. "चालता चालता माझा नामाचा नेम होतो. इथं सुरू करते, दारात संपतो. काल तुम्ही मला भुर्रकन वर नेलंत, अर्धा राहिला."

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही पण मान खाली घालून ओठ हलवत जायचात. मला वाटलं, तुमचंही काही चालू असेल."

तेव्हा आपण काय पुटपुटत होतो, हे निरीक्षकांनी सांगितलं नाही. बाई चालू लागल्या. निरीक्षकांनी गाडी सुरू केली, थोडी पुढे नेली, मागे पाहिलं आणि बंद केली. मग खाली उतरून, हँडल धरून बायकोच्या बरोबरीनं ढकलत निघाले.

वळण ओलांडून दार दिसू लागलं तसे शेजारी पायरीवरून उठून पुढे आले. चेहऱ्यावर खराखुरा कळवळा होता. "अरेरे. एवढे भारी बोल्ट घालून पुन्हा बंद पडली?"

निरीक्षक थांबले. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. "बंद नाही पडली. आणि बोल्टांनी काही झालं नव्हतं. हिचं फडकं मीच आत कोंबलं होतं, ते निघालं." त्यांनी धाप आवरली. "बोल्टांचा गुण आत्ता कळतोय. ढकलायला हलकी लागते. एका बटाट्याइतकी."

बाईंचे ओठ हलायचे थांबले. त्यांनी पदर तोंडाशी धरला, पण खांदे हलायचे ते हललेच, आणि मग हसू फुटलंच. नेमात खंड पडला म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

दार दहा पावलांवर होतं. बाई वळल्या आणि डोळे पुसत पायथ्याकडे उतरू लागल्या. निरीक्षकांनी मोटरसायकल वळवली.