हुलग्याची हद्द कायम

पंधरा वर्षं झाली, मी मोजणीदार आहे. परंडा तालुक्यातले बांध मोजतो. जिथं सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असतात ना, तिथं मी जातो, टेप लावतो, चुन्याची फक्की टाकतो आणि दोघांच्याही घरचा चहा पिऊन परत येतो! मग मला सांगा, दीड महिन्याच्या कुत्र्याच्या पिल्लाला हद्द घालून द्यायला असा कितीसा वेळ लागणार?

पिल्लू आमच्या लेकीनं, हर्षालीनं, ईट गावच्या आत्याच्या शेतातून आणलेलं. हुलग्याच्या रंगाचं, म्हणून नाव हुलगा. तिसऱ्याच दिवशी सकाळी त्यानं आमच्या सौभाग्यवतींची परातीतली कणीक चारी पायांनी मळून दिली.

"आजचा रविवार बघते," महानंदा लाटणं रोखून म्हणाली. "संध्याकाळपतुर ह्यानं सैपाकघरात पाय टाकला, तर उद्या पहिल्या गाडीनं ईटला!"

हर्षालीचे डोळे भरले. खरं सांगतो, माझेही भरले. दोन दिवसांत लळाच तसा लावला होता कारट्यानं! रात्री माझ्या उशाला झोपायचा आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं घोरायचा.

"रडू नको," मी म्हणालो. "तुझा बाप कोण हाय?"

"मोजणीदार," ती नाक पुसत म्हणाली.

"मग!"

झालं! टेप काढला, दोरी काढली, फक्कीचं पोतं काढलं. ओसरीवरून सैपाकघराच्या दारापुढं पांढरीशुभ्र रेघ! अल्याड हुलगा, पल्याड आपण. पण सैपाकघराला मागचं दारही आहे, ते उघडतं बोळात. मोजणीदार असं दार सोडतो होय? नेली रेघ बोळात!

आता हा बोळ आमचा आणि शेजारच्या माणिकप्पांचा सामाईक. माणिकप्पा दारात दात घासत उभे होते.

"साहेब, रविवारी मोजणी?"

"घरचीच हाय!" मी उत्साहात म्हणालो. "हद्द कायम करतोय!"

ज्यांनी आयुष्यात एकदा तरी बांधाचं भांडण पाहिलंय, त्यांना पुढचं सांगायला नको. माणिकप्पांनी चूळसुद्धा भरली नाही. दहा मिनिटांत ते पत्र्याची पेटी घेऊन हजर! मागं त्यांचा भाऊ हरिबा, त्याच्यामागं अर्धी गल्ली. आणि प्रेमाबाई, म्हणजे माणिकप्पांची बायको, त्या थेट बोळातल्या रेघेवर मांडी घालून बसल्या.

"आधी माझ्यावरनं रेघ वढा!"

"नोटीस कुठंय? पंच कुठंयत?" माणिकप्पा पेटीतून आजोबांचं खरेदीखत काढत ओरडले. "मोजणी खात्यात हाय म्हणून शेजाऱ्याचा बोळ गिळायचा व्हय?"

"अहो, कसला बोळ! ही कुत्र्याची हद्द हाय!"

"आमाला कुत्रं म्हणता?" हरिबानं बाह्या वर केल्या.

"तुम्हाला न्हाय वो! खऱ्या कुत्र्याची!"

"मग माणिकप्पा खोटं कुत्रं व्हय?"

शेवटी हर्षालीनं हुलग्याला उचलून आणलं आणि सगळ्यांपुढं धरलं. माणिकप्पांनी चष्मा लावून त्याला नीट पाहिलं.

"ठीक हाय," ते म्हणाले. "कुत्र्याची हद्द असंल, तर कुत्र्यानं पाळून दाखवावी. सगळ्यांसमोर!"

सगळी वरात ओसरीवर आली. सैपाकघराच्या दारात महानंदा कमरेवर हात ठेवून उभी. हर्षालीनं हुलग्याला रेघेच्या अल्याड ठेवलं आणि डोळे मिटले. माझी छाती धडधडत होती. इतकी तर पहिल्या मोजणीलाही धडधडली नव्हती!

हुलगा रेघेजवळ गेला. वास घेतला. थांबला. आणि चक्क खाली बसला!

"बघा!" मी ओरडलो. "बघा माझी हद्द!"

पण तो नुसता बसला नव्हता. फक्कीवर ओघळ वाहिला, टीचभर रेघ पार धुऊन गेली आणि त्या मोकळ्या जागेतून हुलगा ऐटीत सैपाकघरात शिरला. गल्ली खदाखदा हसली. त्या आवाजानं तो इतका भ्याला, की महानंदाच्या लुगड्याच्या निऱ्यांत घुसून थरथरायला लागला.

संपलं! हर्षालीनं हुंदका दिला.

महानंदानं खाली पाहिलं. मग वाकून हुलग्याला उचललं, छातीशी धरलं आणि आमच्यावरच कडाडली.

"लेकरू भ्यालंय की! एवढी माणसं चपला घालून माझ्या दारात, आन हसताय कशाला? व्हा भायेर!"

"म्हणजे ईटला न्हाय?" हर्षालीनं विचारलं.

"कोण म्हणतंय ईटला? आवं, बघत काय ऱ्हायलाव? ती फक्की झाडा आधी!"

आनंदानं मी ओसरी झाडली. बोळही झाडला. प्रेमाबाईंना हात देऊन उठवलं, सगळ्यांना चहा पाजला. माणिकप्पाही दोन कप प्याले, हुलग्याला बिस्कीट चारलं आणि हसत हसत घरी गेले. मिटलं सगळं, असं मला वाटलं.

सोमवारी हापिसात गेलो, तर टेबलावर पहिलाच अर्ज माणिकप्पांचा. सामाईक बोळाची मोजणी करून मिळणेबाबत. खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "नेहमीच्या साहेबांची हद्द त्यांच्या घरचं कुत्रंसुद्धा मानत नाही. सबब मोजणीदार दुसरा मिळावा, ही नम्र विनंती."