गफूर सरांचा रिकामा कप

गफूर सरांकडे चहाला गेलात, तर तुमच्यापुढे रिकामा कप येतो. किटली त्यांच्या हाताशी असते, तिच्यातून वाफा निघत असतात आणि सर हसून तुमच्याकडे बघत असतात. मग ते दोन्ही हात वर धरतात आणि करंगळीपासून एकेक बोट सावकाश मिटू लागतात. "चहा द्या की, सर," असं म्हटलं, की "शाब्बास!" म्हणून ओरडतात आणि कप काठोकाठ भरतात. यात पाहुण्याचं वय ते पाहत नाहीत. त्यांचे व्याही म्हणे एकदा चहा न पिताच उठून गेले.

मी लातूरला मुख्याध्यापक असताना, बोलायला अडचण असलेल्या मुलांसाठी ते आमच्या शाळेत कंत्राटावर आले. त्यांच्या खोलीतला फळा कायम कोरा. कापसाचे बोळे नळीनं फुंकायची शर्यत चालायची, साबणाचे फुगे उडायचे, आरशासमोर मुलं जिभा काढायची. वरच्या ओठाला गूळ लावायचा आणि तो जिभेनं चाटायचा, हाही एक तास होता. आमचे क्लार्क एकदा सही आणायला गेले, ते मिशीला गूळ लावून परत आले.

"सर, ही शाळा आहे का जत्रा?" मी एकदा विचारलं.

"जत्राच हाय, हेडसर. जत्रेत कोण गप्प ऱ्हातंय?"

त्यांच्या वर्गात राणी नावाची आठ वर्षांची मुलगी होती. तिला ऐकू यायचं, सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द फुटत नसे. तिची आई इंदूबाई डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जायची. राणीपुढे सर एक काचेची बरणी ठेवत. आत गोडी शेव, वर घट्ट झाकण. राणी बरणी आपटायची, रडायची. सर बोटं मिटत बसायचे.

मला बघवेना. "तिला काय पाहिजे ते तुम्हाला कळत नाही का?"

"कळून ऱ्हायलंय की. मला कळून तिचा काय फायदा?"

"आणि दहा बोटं संपली तर?"

"मग पुन्हा करंगळी. बोटं कुठं पळून चालल्यात माझी?"

हे तीन महिने चाललं. एका दुपारी मी खिडकीतून पाहिलं. नववं बोट मिटत होतं. राणीनं बरणी सरांपुढे ढकलली, मान ताठ केली आणि म्हणाली, "उघ." पूर्ण शब्दही नव्हे. सरांनी झाकण उघडलं, मूठभर शेव तिच्या ओंजळीत घातली आणि खोलीभर नाचले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा.

आठवड्यानं एक मोठे साहेब तपासणीला आले. सरांनी त्यांच्यापुढे रिकामा कप ठेवला आणि बोटं मिटायला सुरुवात केली. साहेब माझ्याकडे बघू लागले. सातव्या बोटाला ते कडाडले, "अहो, चहा कुठंय?"

"शाब्बास!" सर आनंदानं ओरडले.

साहेबांनी मला बाहेर नेलं. "हा माणूस इथं करतो काय? अहवाल पाठवा."

माझी निवृत्ती वर्षावर आली होती. राणीच्या नावापुढे मी लिहिलं, 'प्रगती नाही.' खाली सही केली. सरांचं कंत्राट पुढे वाढलं नाही. ते आपल्या गावी, नांदेडला गेले. जाताना बरणी तेवढी इंदूबाईच्या हातात दिली. म्हणाले, "झाकण घट्ट लावत जावा."

त्यांनी नांदेडला भावाच्या बांगड्यांच्या दुकानामागच्या खोलीत वर्ग सुरू केला. इंदूबाई दर रविवारी पहाटेची एसटी धरून राणीला तिथं न्यायची. एवढंच माझ्या कानावर होतं. अधिक विचारायचं धाडस मी बारा वर्षं केलं नाही.

गेल्या महिन्यात सरांच्या वर्गाच्या संमेलनाचं बोलावणं आलं. गेलो. सूत्रसंचालनाला निळ्या साडीतली एक मुलगी उभी राहिली. माईक हातात घेतला आणि थांबली. ओठ हलले, आवाज नाही. मी खाली पाहिलं. पुन्हा मान वर केली, तर सभागृहातल्या सगळ्यांनी हात वर केले होते आणि सगळे बोटं मिटत होते! आयाबाया, म्हातारे, पहिल्या रांगेतला नगरसेवकसुद्धा. सहाव्या बोटाला आवाज आला, "नमस्कार. मी... राणी. घाई न्हाई. सगळे... बसा."

टाळ्या थांबेनात. मीही वाजवत होतो. दोन तास तिनं कार्यक्रम चालवला. लांबलेलं एक भाषण तर तिनं मधेच थांबवलं.

मग माझा सत्कार! इंदूबाई शाल आणि नारळ घेऊन आली. "हेडसर, तुमीच तिला शाळेत घेतलं व्हतं. लई उपकार झाले बघा." नारळ हातात घेताना तो दगडासारखा जड लागला.

संध्याकाळी सरांच्या घरी गेलो. दोघंच होतो. पुढे रिकामा कप आला. मला चहा मागता येईना. सरांनी हात वर धरले. दहावं बोट मिटलं. त्यांनी मुठी उघडल्या आणि पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला मी म्हणालो, "सर, तो अहवाल खोटा होता. तिचा शब्द मी ऐकला होता. तरी लिहिलं."

"म्हाईत हाय, हेडसर. तुमी खिडकीत दिसला व्हता. अहवाल आला, तवाच कळलं व्हतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मला कळून तुमचा काय फायदा?"

"शाब्बास" या वेळी ते ओरडले नाहीत, हळूच म्हणाले. चहा ओतताना निम्मा बशीत सांडला. मी घोट घेतला. साखर नव्हती. वर पाहिलं, तर भरल्या डोळ्यांनी सरांनी पुन्हा दोन्ही हात वर धरले होते.