दिघेकाकांचा काटा

भर जुलैत, बाहेर कधी नव्हे ते लख्ख ऊन पडलेलं असताना, दिघेकाका व्हॅनचा हीटर फुल्ल लावून बसायचे. खिडक्या उघड्या, टकलावरून घामाच्या धारा. "इंजिनची उष्णता अशी आपल्या अंगावर ओढून घ्यायची रे. आपल्याला घाम तरी येतो. त्याला कुठला येणार?"

दोन हजार चार-पाचच्या सुमारास मी नोकरीच्या व्हिसावर इंग्लंडात लेस्टरला गेलो, तेव्हा ते माझे शेजारी होते. होजिअरीच्या कारखान्यात तीस वर्षं मशिनं दुरुस्त करून रिटायर झालेले. माणूस भित्रा; पण सगळी भीती एकाच गोष्टीवर एकवटलेली : गाडी तापण्यावर. तिथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला लोक आत श्रीखंडाकडे वळायचे आणि काका कार पार्कमध्ये एकेका बॉनेटला उलटा हात लावत फिरायचे, लेकराचा ताप बघावा तसे. भेटलं की 'कसा आहेस'च्या आधी विचारायचे, "काटा कुठंय?" काटा म्हणजे टेंपरेचरचा. माझ्याकडे तर गाडीच नव्हती.

त्यांची व्हॅन वीस वर्षांची. त्या वर्षी तिचं इंजिन बसलं.

"काका, आता दुसरी घ्या ना," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

भंगारातून त्यांनी एक मोठं डिझेल इंजिन आणलं. ते आठवड्यात बसवलं आणि पुढचे दोन महिने त्याला गार ठेवण्याच्या काळजीत काढले. "मोठ्या इंजिनाला जुना रेडिएटर म्हणजे पहिलवानाला बाळाचं झबलं!" मोठा रेडिएटर आणला, तर नळ्यांची तोंडं उलट्या बाजूला. नळ्या जुळवल्या, तर पंख्याला जागा उरेना. मग पुढून विजेचा पंखा लावला. त्यानंतर नळ्यांत हवा अडकली. ती निघावी म्हणून व्हॅनचं नाक चढाकडे करून ठेवलं आणि काका रेडिएटरला कान लावून बुडबुडे ऐकत बसले. समोरच्या गोऱ्या आजींनी घाबरून विचारलं, "यू ऑल राइट, मी डक?" 'मी डक' म्हणजे तिकडचं 'बाळा'.

"एअर," काका कुजबुजले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी ते माझ्या दारात आले. "समीर, समुद्रावर येतोस? काकूला न्यायचंय. तू नुसता काटा वाचायचास."

काकू मला आजवर फक्त खिडकीत दिसल्या होत्या. त्या मागे बसल्या, चापूनचोपून नेसलेली साडी, वर कार्डिगन. मी पुढे. "मध्यावर," मी दर दोन मिनिटांनी सांगत होतो. काका सारखे आरशात बघत होते. मला वाटलं, मागच्या गाड्या बघताहेत.

दीड तासानं रस्त्याचं काम लागलं. गाड्यांची रांग जागची हलेना.

"जरा वर आलाय," मी म्हणालो.

"किती?"

"बराच. काका, लालच्या जवळ आलाय."

पुढे लॉऱ्या थांबायची जागा दिसत होती. रांगेतून कशीबशी वाट काढत त्यांनी व्हॅन तिथे घातली आणि इंजिन बंद केलं. आता हे बॉनेटकडे धावणार, असं मला वाटलं. ते मागे धावले. काकूंच्या शेजारी बसून त्यांनी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"तू बघ," ते म्हणाले.

"मी? काका, मला यातलं काय कळतं?"

"मागच्या उन्हाळ्यात मोटरवेवर गाडी अशीच तापली होती. मी बॉनेटमध्ये डोकं घालून बसलो. वर बघतो, तर ही नाही. लॉऱ्यांच्या कडेनं चालत निघाली होती." बोलताना त्यांची नजर दारावर होती. "हिला काही आठवत नाही रे आताशा. दुसऱ्या गाडीत घातलं, की ओरडते, परक्यांच्या गाडीत बसणार नाही म्हणते. ही व्हॅन तेवढी ओळखते."

उलट्या दिशेनं एक लॉरी वेगात गेली. व्हॅन हादरली आणि काकूंचा मोकळा हात दाराकडे गेला. "मला घरी जायचंय."

"जायचंय ना, विमल. जाऊ या."

मी बॉनेट उघडलं. "रेडिएटरच्या टोपणाला हात लावू नकोस!" काका आतून ओरडले. "वाफेनं तोंड भाजेल. पंख्याची वायर बघ आधी!" वायर खरंच निसटली होती. लावताना ती दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. पाऊण तास आम्ही सगळं निवायची वाट पाहिली. मग त्यांनी सांगितलं तसं पाणी भरून मी इंजिन चालू केलं. काटा वर सरकू लागला. अखेर पंखा घरघरला आणि काटा थांबला.

"फिरतोय, काका!"

ते खाली वाकून काकूंच्या पायातून निसटलेली चप्पल त्यांना पुन्हा घालत होते.

दुपारी समुद्रावर पोचलो. काकू बाकावर बसल्या, खूप वेळ पाण्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "हे ड्रायव्हर फार सांभाळून आणतात हो. रोज येतात का?"

काका समोरच उभे होते. वारा सुटला होता. त्यांनी वाकून काकूंच्या कार्डिगनचं वरचं बटण लावलं.

"येतो ना, बाई," ते म्हणाले. "रोज येतो."