उलगडून पाहिलेला रोल

“उलगडून दाखवा,” चंपतराव म्हणाले.

काउंटरमागचे महादेवराव त्यांच्याकडे बघतच राहिले. सीताबर्डीवरच्या आपल्या फोटो स्टुडिओत त्यांनी नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. अर्धा रोल मिळेल का विचारणारी पाहिली होती, फोटोत माणूस गोरा येईल असा रोल द्या म्हणणारीही पाहिली होती. पण कॅमेऱ्याचा रोल उलगडून दाखवा म्हणणारा हा पहिलाच महाभाग.

“अहो, हा रोल आहे. उजेडात उघडला की संपला.”

“संपला म्हंजे?”

“म्हंजे वाया गेला. मंग फोटो येत नाई त्याच्यात.”

चंपतराव मिशीतल्या मिशीत हसले. इतवारीतल्या कापडाच्या दुकानात त्यांची उभी हयात गेली होती. मिलचं थान असो की हातमागाचं लुगडं, उलगडून, उजेडात धरून, दोन बोटांत चोळून पाहिल्याशिवाय त्यांनी माल उतरवून घेतला नव्हता. ‘उघडू नका’ म्हणणारे व्यापारी त्यांनी ढिगानं पाहिले होते. नेमका त्यांच्याच थानात मधोमध डाग निघतो, हा त्यांचा अनुभव.

“बरं,” ते म्हणाले, “दाखवा काय काय आहे ते.”

महादेवरावांनी दोन डब्या पुढे ठेवल्या. “हा फास्ट आहे. कमी उजेडातई फोटो येते, घरात काढाचा असन त हा घ्या. आन हा साधा. अंगनात, उन्हात काढाचा असन त हाच चांगला.”

“पोत कोनाचा बारीक?”

“साध्याचा. फास्टवाला जरासा दानेदार येते.”

“आन भरवशाचा कोन्ता?”

“दोनी भरवशाचे. फक्त तुमी उघडू नका म्हंजे झालं.”

चंपतरावांनी दोन्ही डब्या हातावर तोलल्या, कानाजवळ नेऊन हलवल्या, नाकाला लावल्या, दारात जाऊन उन्हात फिरवल्या. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी बारीक पोताचा साधा रोल घेऊन ते सायकलवर बसले, तेव्हा महादेवरावांनी घामच पुसला.

आता चंपतरावांना रोल कशाला हवा होता, तेही सांगितलं पाहिजे. ही गोष्ट त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालची. त्यांचं लग्न झालं होतं कुहीजवळच्या एका खेड्यात, त्याला पंचवीस वर्षं होत आली होती. लग्नात फोटो काढायला वच्छलाबाईंच्या वडिलांनी मुद्दाम नागपूरहून फोटोवाला ठरवला होता. तो मोटारीतून एक गाव आधीच उतरला. तिथंही त्या दिवशी लग्न होतंच. त्या भल्या माणसानं तिथले फोटो काढले, पोटभर जेवला आणि परत गेला. त्या अनोळखी जोडप्याच्या घरी भिंतीवर फोटो लागला आणि वच्छलाबाईंची भिंत कोरी राहिली.

तेव्हापासून त्यांचं एकच मागणं होतं. दागिना नको, तीर्थयात्रा नको, दोघांचा एक फोटो हवा. चंपतराव दर वेळी एकच उत्तर देत. “स्टुडिओवाला आधी पैसे घेते, माल मंग दाखवते. असा कुठं धंदा असते का वं?”

यंदा मात्र त्यांचा इलाज चालला नाही. भंडाऱ्याला मास्तर असलेला भाचा मनोहर सुटीत आला, तो गळ्यात कॅमेरा अडकवूनच. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, त्यामुळे भाच्यानं मागितलेलं मोडता येत नाही. मनोहर म्हणाला, “मामाजी, येत्या रविवारी तुमचा आन मामीचा फोटो मीच काढतो. तुमी फक्त रोल आना.”

“एकदाच बसीन. पुन्हा म्हनाचं नाई,” चंपतरावांनी बजावलं. वच्छलाबाईंना तेवढंच पुष्कळ होतं.

शनिवारी दुपारी मनोहर मित्राकडे गेला होता. वच्छलाबाईंनी लग्नातला शालू ट्रंकेतून काढून अंगणातल्या दोरीवर ऊन दाखवायला टाकला होता. हा शालू चंपतरावांनीच निवडलेला. तेव्हा ते दुकानात नवे होते, तरी मालकासमोर कपाटातले सगळे शालू उलगडायला लावून त्यांनी तो उचलला होता. आता घड्यांवर तो विरत चालला होता. वच्छलाबाई त्याच्यावरून अलगद हात फिरवत होत्या, आणि शेजारी खाटेवर चंपतराव रोलची डबी फोडत होते.

“अजी, ते उघडाचं असते का?”

“उघडल्याबिगर समजन कसं? तुह्या बापानं फोटोवाला न पाहता ठरवला, काय झालं?”

चंपतरावांनी चांदीच्या कागदातून रोल काढला, त्याची चिकटपट्टी नखानं हळूच उचलली आणि नागपूरच्या रखरखीत उन्हात तो थानासारखा खाटेवर उलगडत नेला. बाहेरून कागद, आतून गुळगुळीत पट्टी. त्यांनी ती आकाशासमोर धरून पाहिली. भोक नाही, डाग नाही. दोन बोटांत चोळली, वीत लावून रुंदी पाहिली. माल एकसारखा होता. शेवटची गुंडाळी मात्र त्यांनी तशीच राहू दिली. थानाची शेवटची घडी मोडायची नाही, दुकानाची बरकत तिच्यात असते, असं त्यांच्या मालकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मग त्यांनी सगळा रोल असा सफाईनं गुंडाळला की कारखान्यातही जमणार नाही, आणि लेई लावून चिकटपट्टी पुन्हा चिकटवून टाकली.

“माल चोख आहे,” त्यांनी जाहीर केलं. “उगाच घाबरवत होता तो बर्डीवाला.”

रविवारी सकाळी मनोहरनं रोल हातात घेतला. “मामाजी, याचा वरचा चांदीचा कागद कुठं गेला?”

“म्या काढून ठेवला. तुले काहून तरास?”

पट्टी जागेवर होती, गुंडाळी घट्ट होती. मनोहरला शंका यायचं कारणच नव्हतं. त्यानं रोल कॅमेऱ्यात भरला.

बारा फोटोंचा रोल होता. पहिला खुर्च्यांवर बसून, दुसरा उभं राहून, मग तुळशीपाशी, मग रेडिओजवळ, मग सायकलला हात लावून. शेजारच्या सिंधूताई कुंपणावरून सूचना करत होत्या. वच्छलाबाईंनी विरलेला शालू जपत नेसला होता, पदर डोक्यावरून घेतला होता, आणि चेहरा असा फुलला होता की सिंधूताई म्हणाल्या, “बाप्पा! कालचीच नवरी वं!” चंपतराव मात्र प्रत्येक वेळी श्वास रोखून, मान ताठ करून, सावकारानं दारी उभं केल्यासारखे दिसत होते.

“मामाजी, थोडं हासा नं!”

“हासाचं ठरलं नव्हतं.”

अकरा फोटो झाले. चंपतराव सुटल्यासारखे वळले, तोच त्यांचं लक्ष शालूकडे गेलं. खांद्यापाशी घडीवर तो फाटला होता. ते चटकन जवळ गेले, पदर दोन बोटांत धरला आणि चोळून पाहू लागले.

“जरतार पाय कशी आहे अजून,” ते पुटपुटले. “रेशीम गेलं, पन जर नाई गेली. म्या निवडला होता.”

“हाव,” वच्छलाबाई म्हणाल्या, “शालू निवडाले दिवसभर लावला आन बायको न पाहता केली!” आणि तोंडाला हात लावून हसल्या.

कॅमेरा वाजला. “एक उरला होता,” मनोहर म्हणाला, “संपवून टाकला.”

संध्याकाळच्या गाडीनं मनोहर भंडाऱ्याला गेला. रोल धुवायला महादेवरावांकडे पडला. फोटो मिळायच्या दिवशी चंपतरावांबरोबर वच्छलाबाई स्वतः निघाल्या. भिंतीवर खिळा त्यांनी आधीच ठोकून घेतला होता.

महादेवराव त्यांना पाहून उठले आणि पुन्हा बसले. मग त्यांनी एक लांब पट्टी दिव्यासमोर धरली. ती डांबरासारखी काळी होती.

“बाई, काय सांगू? सगळा रोल जळाला. कुठं तरी उजेड लागला त्याले.”

चंपतराव उसळले. “जळाला? तुमी मले खराब माल देल्ला! भरवशाचा म्हनून देल्ला!” बाहेरची दोन माणसं आत डोकावली, तशी त्यांना आणखी चेव आला. “मले नोका शिकवू! तुमच्या दुकानातून निंघाला तवा माल चोख होता. म्या सोता आंगनात उलगडून पायला! उन्हात धरून पायला! एक डाग नव्हता त्याच्यावर!”

महादेवरावांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. बाहेरच्या दोघांपैकी एक जण तोंड फिरवून हसू दाबू लागला. आपण काय बोलून गेलो, हे चंपतरावांना सगळ्यात शेवटी कळलं.

वच्छलाबाई खाली बघत होत्या. “खिळा काढून टाकीन घरी गेल्यावर,” त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी आदळआपट केली असती तर चंपतरावांनी चार शब्द परतवले असते. हे काही त्यांना झेपेना. पंचवीस वर्षं ह्या बाईनं एकच वस्तू मागितली आणि ती आपण आपल्या हातानं उन्हात वाळत घातली!

“हे पाय वं,” ते म्हणाले, “इथंच काढू. आत्ता.” त्यांनी खिसा उलटा करून होते नव्हते ते पैसे काउंटरवर ठेवले. “महादेवराव, पैसे आधी घ्या. माल मंग दाखवा.”

“शालू आता नेसासारखा नाई राहिला,” वच्छलाबाई म्हणाल्या. “राहू द्या.”

महादेवराव खाकरले. “थांबा. शेवटचा एक आला आहे, पार आतल्या गुंडाळीतला. कसा वाचला, देव जाने. काठ धुरकट आहे, आन पोज म्हनाल त कायीच नाई. तुमाले दाखवू का नोको, असं झालं मले.”

त्यांनी पाकिटातून फोटो काढला. कडेनं धुकं उतरावं तसा पांढुरका उजेड होता. मधे चंपतराव मान वाकवून शालूचा पदर दोन बोटांत धरून पाहत होते, जगात दुसरं काही नसल्यासारखे. आणि वच्छलाबाई तोंडाला हात लावून त्यांच्याकडे पाहून हसत होत्या.

मग चंपतरावांनी फोटो हातात घेतला, सवयीनं कोपरा दोन बोटांत चोळणार, तेवढ्यात वच्छलाबाईंनी तो काढून घेतला. “चोळू नोका. चांगला आहे.”

तो फोटो मोठा करून त्याच खिळ्यावर लागला. पुढे घरी येणाऱ्या प्रत्येकाला चंपतराव तो दाखवत आणि छाती पुढे काढून सांगत, “रोल म्या निवडला होता. उलगडून पायला, म्हनून त हा फोटो आला!”

पहिल्यांदा त्यांनी हे सांगितलं, तेव्हा मनोहरच समोर बसला होता. त्याला हसू आवरेना. आता मामी मामांची चांगली जिरवणार म्हणून त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“खरं आहे त्यायचं,” आतून वच्छलाबाई म्हणाल्या. “ते अकरा आले असते, त हा कोनी पायला असता?”

बायको आपल्या बाजूनं बोलेल, ह्याची चंपतरावांना मुळीच कल्पना नव्हती. ते उठले आणि सरळच असलेला फोटो उगाच पुन्हा सरळ करत बसले.